शाळा निवडताय की शेजार?



दिवाळी सरली की पुण्यात शाळाप्रवेशाचा हंगाम सुरू होतो. मंदिरात अभिषेकाला भेटणाऱ्या, स्वाध्यायाला जमणाऱ्या, भिशीत गप्पा मारणाऱ्या सगळ्या बायकांत एकच विषय असतो. कुणाच्या नातीचा कुठे नंबर लागला, कुणी किती डोनेशन भरलं, कुणाची ओळख कामी आली. बाणेर-बालेवाडीपासून बिबवेवाडी-कोंढव्यापर्यंत आणि तिकडे चिंचवड-निगडीतही तेच. आपण आज्या तर सुना-लेकींपेक्षा जास्त हिरिरीनं बोलतो, कारण बऱ्याच घरांत फीचा काही वाटा आजोबांच्या ठेवीतून जातो.

या बोलण्यात गेली काही वर्षं मी एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते. "शाळा चांगली आहे हो, पण तिथे आरटीईची मुलं येतात." हे इतकं सहज म्हटलं जातं की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. आज मला या एका वाक्याशी भांडायचं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण शाळा निवडतो असं म्हणतो, पण बरेचदा आपण नातवंडाच्या बाकावर शेजारी कोण बसणार हे निवडत असतो. आणि त्या निवडीला 'संस्कार' असं गोड नाव देतो. चार दानांत ज्ञानदान मोजणाऱ्या समाजाला हे शोभत नाही.

आधी कायदा काय आहे ते नीट पाहू, कारण त्याबद्दल आपल्यात माहितीपेक्षा तक्रारीच जास्त आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा त्याचा गाभा. त्यातल्या एका कलमानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. आपल्या राज्यात दुर्बल घटक म्हणजे वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असलेलं कुटुंब. महिन्याला साडेआठ हजारसुद्धा नाहीत. या मुलांची निवड ऑनलाइन सोडतीनं होते. त्यांची फी सरकारनं शाळेला द्यायची, आणि महाराष्ट्रात तो दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरलेला आहे. जागा आणि अर्ज या दोन्हींत आपला पुणे जिल्हा राज्यात पुढे असतो.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र कुणी बोलत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घेणं, चाचणी घेणं बेकायदा आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. देणगी घेऊन प्रवेश द्यायला तर मनाईच आहे, आणि घेतल्यास रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. आता आठवून पाहा, आपल्यापैकी किती जणींनी कौतुकानं सांगितलं आहे की "इंटरव्ह्यूत आमच्या पिल्लानं पटापट रंग सांगितले", "आईवडील दोघंही इंजिनीअर म्हटल्यावर मॅडम खूष झाल्या". कायदा मोडल्याचं कौतुक चारचौघांत सांगतो, आणि सोडतीत रीतसर नंबर लागलेल्या मुलाला 'फुकटात घुसलेला' म्हणतो. हा हिशेब मला तरी जुळवता येत नाही.

आता आपल्याकडचे आक्षेप एकेक घेते.

पहिला आक्षेप संस्काराचा. "आपली मुलं शुद्ध शाकाहारी. त्या मुलांच्या डब्यात काय असेल सांगता येत नाही. भाषा कशी असेल सांगता येत नाही." आहाराची काळजी खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. मी स्वतः सूर्यास्तापूर्वी जेवते आणि नातवंडांनीही ते पाळावं असं मला वाटतं. पण मैत्रिणींनो, वर्षाला दोन-तीन लाख फीच्या 'इंटरनॅशनल' शाळेत आपली नातवंडं जातात, तिथे शेजारच्या मुलाच्या डब्यात चिकन नगेट असतात, वाढदिवसाला अंड्याचा केक असतो, सहलीत रात्री दहाला जेवण असतं. तिथे आपल्याला संस्कार आठवत नाहीत. तिथे आपण म्हणतो, "जगात वावरायचं तर सवय हवीच." मग गरिबाच्या डब्याचीच भीती का? शाळेत डबा शाकाहारीच आणायचा असा नियम असणं ही काही नवी गोष्ट नाही, आपल्या संस्था तो करतात आणि पालक पाळतात. नियम डब्याला लावा. मुलाला दाराबाहेर कशाला ठेवता?

आणि भाषेचं म्हणाल, तर चारचाकीतून उतरणाऱ्या मुलांच्या तोंडी मोबाइलवरून आलेल्या ज्या शिव्या मी ऐकल्या आहेत, त्या वस्तीतल्या मुलांना माहीतही नसतील.

दुसरा आक्षेप दर्जाचा. "अशी मुलं वर्गात आली की शिक्षकांना खाली यावं लागतं, हुशार मुलांचं नुकसान होतं." हे तपासून पाहिलेलं आहे. दिल्लीत सरकारी जमिनीवरच्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांना फीशिवाय प्रवेश देणं भाग पडलं. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञानं त्या शाळांतल्या सधन मुलांचा अभ्यास केला, तो २०१९ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या मासिकात आला. माझ्या मुलीनं मला तो समजावून सांगितला. गरीब वर्गमित्र लाभलेली सधन मुलं इतरांना जास्त वाटून घेणारी निघाली, गरीब मुलाला कमी लेखण्याची वृत्ती त्यांच्यात कमी दिसली, त्यांच्याशी खेळायला ती तयार असत. एकंदर गुणांवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. इंग्रजीत थोडी घट दिसली, शिस्तीच्या थोड्या तक्रारी वाढल्या. हेही मी लपवत नाही. पण इंग्रजीच्या चार गुणांच्या बदल्यात नातवंड माणसाला माणूस म्हणून ओळखायला शिकत असेल, तर आज्यांनी कोणतं पारडं जड म्हणायचं? वात्सल्य आणि करुणा शिकवायला आपण पाठशाळेचे वर्ग चालवतो ना? ती शिकवण शेजारच्या बाकावर आयती मिळत असताना आपण ती उठवून लावतो.

तिसरा आक्षेप पैशाचा. "त्यांचा भार आमच्या फीवर पडतो." मी बी.कॉम. आहे, तेव्हा हा आक्षेप मला सगळ्यांत आवडतो. चला, वही काढू.

समजा, शाळेची फी वर्षाला ४०,००० आहे आणि वर्गात ४० मुलं. त्यांतली १० आरटीईची. सरकारनं प्रत्येकी १७,६७० दिले तर प्रत्येक मुलामागे २२,३३० ची तूट, दहा मुलांची मिळून २,२३,३००. ती उरलेल्या ३० पालकांत वाटली तर प्रत्येकी वर्षाला ७,४४३ रुपये, म्हणजे महिन्याला ६२० च्या आसपास. एका वाढदिवसाला 'रिटर्न गिफ्ट' म्हणून आपण यापेक्षा जास्त उधळतो. सरकार ही रक्कम वेळेवर देत नाही, वर्षानुवर्षं थकवतं, हे खरं आहे आणि संस्थाचालकांचा राग रास्त आहे. पण तो राग मंत्रालयावर काढा. सहा वर्षांच्या मुलावर कशासाठी?

आणखी एक नोंद या वहीत करायची राहते. शाळा चालवणारे ट्रस्ट आयकरात सवलत घेतात. आपण त्यांना देणगी दिली की ऐंशी-जीची पावती जपून ठेवतो आणि आपलाही कर वाचवतो. तो वाचलेला कर सगळ्या जनतेच्या तिजोरीतला असतो, साबणावर कर भरणाऱ्या त्या एक लाखाच्या आतल्या कुटुंबाच्याही. तेव्हा 'आमच्या पैशानं शिकतात' हे वाक्य जरा जपून वापरावं.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंच्या मुलीचा नंबर एका इंग्रजी शाळेत सोडतीनं लागला होता. शाळेचं नाव लिहीत नाही. फी नव्हती, पण स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचे पैसे, सहलीचे पैसे, 'ॲक्टिव्हिटी'चे पैसे सुरूच. सहलीच्या दिवशी ती घरी राहायची. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी लिहिलं, "हे लोक कॉन्ट्रिब्यूशनच्या वेळी गप्प का असतात?" ताईंना इंग्रजी येत नसलं तरी 'हे लोक' बरोबर कळलं. तरी मुलगी नेटानं शिकली, आठवीपर्यंत वर्गात पहिल्या दहांत राहिली. पण कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला शाळेनं पूर्ण फी मागितली. ताईंनी तिला काढून अनुदानित शाळेत घातलं. मुलगी हुशार आहे, तिथेही चमकेल. पण दहा वर्षं एका वर्गात बसलेल्या मैत्रिणींपैकी तिच्या घरी एकही आली नाही, हे सांगताना ताईंचा आवाज बदलला. त्या मैत्रिणींच्या आया आणि आज्या आपल्यासारख्याच घरांतल्या असणार.

कुणी म्हणेल, गरिबांसाठी महापालिकेच्या शाळा आहेत की! शासनानंही हाच युक्तिवाद केला होता. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम बदलून सांगितलं की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांचं बंधन नाही. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसेल असा कोपरा शोधावा लागेल, म्हणजे खासगी शाळा जवळजवळ सगळ्याच सुटल्या. झालं काय? कागदावर जागा वाढल्या आणि पालकांनी अर्ज फारच कमी भरले. मग मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, जुन्या पद्धतीनं पुन्हा अर्ज मागवले, तेव्हा राज्यभरातल्या एक लाखाच्या आसपास जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले. जुलैमध्ये न्यायालयानं तो नियमच रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

त्या दोन लाख आयांना काय हवं होतं? तेच, जे आपल्या सुनांना हवं आहे. निवड ही फक्त पैसेवाल्यांची हौस आहे असं समजू नका. मुंबई महापालिकेनं २०२० पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' नावानं केंद्रीय मंडळांच्या इंग्रजी शाळा सुरू केल्या, तर ज्या पालिकेच्या शाळांकडे लोक पाठ फिरवत होते तिथेच प्रवेशासाठी सोडत काढायची वेळ आली. चांगलं मिळतंय असं दिसलं की गरीब आईही धावतेच. फरक इतकाच की आपण फी भरून दार उघडतो आणि तिला सोडतीच्या चिठ्ठीकडे डोळे लावून बसावं लागतं. पालिकेच्या शाळा सुधाराव्यात हे मलाही मान्य आहे. पण त्या सुधारा असं म्हणणाऱ्यांपैकी कुणी आपलं नातवंड तिथे घालत नाही, आणि ज्या शाळेत बोलणाऱ्यांची मुलं नाहीत त्या शाळेसाठी कुणी बोलत नाही.

आता घरचंच बोलते, कारण इथे आपला समाज थेट येतो.

२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्रानं जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. आपण पेढे वाटले. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही. तेव्हापासून संस्थांच्या सभांतून मी ऐकते, "अल्पसंख्याक दर्जा घेतला की आरटीईची कटकट नाही." दर्जा कशासाठी मिळाला? आपला धर्म, आपली भाषा, आपली परंपरा जपता यावी म्हणून. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाचा २०२१ चा अहवाल सांगतो की देशातल्या अल्पसंख्याक शाळांत साठ टक्क्यांहून अधिक मुलं त्या समाजाबाहेरची आहेत, आणि दुर्बल घटकांतली मुलं दहा टक्क्यांहूनही कमी. याचा अर्थ सरळ आहे. परक्यांना आपण दार उघडतो, फक्त पैसेवाल्या परक्यांना. मग परंपरा कसली जपली जाते? आठ मद आपल्या मुलांना पाठ असतात. कुलमद, जातिमद, ऋद्धिमद. शाळेच्या फाटकाशी त्यांतले किती उभे आहेत ते ज्यानं त्यानं मोजावं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या २०१४ च्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. कोर्टानं कान धरल्यावर दार उघडण्यात पुण्य नाही. आधी उघडलं तर आहे.

आणि हे आपल्याला नवीन कुठे आहे? कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, आपल्याच समाजातले. विद्यार्थी असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला म्हणून कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. त्याच माणसानं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. एका पंगतीत जेवायचं, एकत्र राहायचं. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. सोवळ्यात वाढलेली जैन घरची बाई ती. परजातीच्या मुलांना पोटच्या मुलांसारखं जेवू घालताना तिनं संस्कार बुडाले म्हटलं नाही. आज कर्मवीरांच्या जयंतीला आपण फोटोला हार घालतो, भाषणात 'आमचे कर्मवीर' म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सभेत २५ टक्क्यांतून सुटायची वाट शोधतो.

समवसरणाचं चित्र आपल्या सगळ्यांच्या घरी आहे. भगवंतांच्या सभेत देव, माणसं, पशुपक्षी सगळ्यांना जागा आहे. सिंहाजवळ गाय निर्धास्त बसली आहे. फी विचारून कुणाला आत घेतल्याचं मी कुठल्या पुराणात वाचलेलं नाही.

तर करायचं काय? नुसतं बोलून मी थांबत नाही, चार कामं सांगते. चारही आपल्या हातातली आहेत.

एक. आपल्यापैकी ज्यांचे पती, दीर, मुलगे शाळांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, त्यांनी जेवताना एक प्रश्न विचारावा. "आपल्या शाळेत परिसरातली गरीब मुलं किती?" उत्तर शून्य आलं तर पुढच्या सभेत ठराव मांडायला सांगावं की कायदा लागू असो वा नसो, दहात एक जागा तरी आपण स्वतःहून देऊ.

दोन. त्या जागांचा खर्च समाजानं उचलावा. वर दाखवलेली दहा मुलांची तूट सव्वादोन लाख होती. पंचकल्याणकात सौधर्म इंद्राची बोली इतक्या कमी रकमेला सुटलेली मी अलीकडे पाहिलेली नाही. बोली बंद करा असं मी म्हणत नाही. तिच्या शेजारी एक 'ज्ञानदानाची बोली' लावा. एका मुलाचा नववी-दहावीचा खर्च, एवढीच बोली. कायदा जिथे हात सोडतो तिथे आपण धरायचा.

तीन. आपलं नातवंड ज्या शाळेत आहे तिथे आरटीईची मुलं असतील तर त्यांतल्या एकाला वाढदिवसाला घरी बोलवा, आणि त्याच्या घरी आपलं पाठवा. भेटवस्तू स्वस्तातली ठेवा, म्हणजे परतफेडीचं ओझं होणार नाही. पालकांच्या गटावर कुणी 'हे लोक' लिहिलं तर गप्प बसू नका. आजीनं टोकलेलं लोक ऐकतात, वयाचा एवढा तरी उपयोग होऊ द्या.

चार. फॉर्म भरायला मदत करा. सोडतीचे अर्ज ऑनलाइन असतात, घराचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, जन्मदाखला लागतो. घरी कामाला येणाऱ्या कितीतरी बायकांचा अर्ज केवळ एका कागदापायी बाद होतो. आपल्या घरी संगणक आहे, शिकलेली सून आहे, दुपारचा वेळ आहे. एक दुपार द्या.

काहीजणी रागावतील हे मला ठाऊक आहे. मंडळात एक-दोघी बोलणं कमी करतील. चालेल. पण पुढच्या वेळी "तिथे आरटीईची मुलं येतात" हे वाक्य जिभेवर आलं, तर त्याच्या पुढे "म्हणूनच तिथे घालू" एवढं जोडून पाहा. अवघड वाटेल. अणुव्रतांत अपरिग्रह आहे, आणि साठवून ठेवायच्या गोष्टींत पैसा-सोन्याबरोबर चांगल्या शाळेतली जागाही येते.

जय जिनेंद्र.